जुनी डाऊन स्लीपिंग बॅग: उसवून क्विल्ट करावी का?

रानवाटा
मंडळी, सल्ला हवा आहे.

ओळखीतल्या एका गिर्यारोहक काकांकडून त्यांची जुनी डाऊन (म्हणजे बदक-हंसांची मऊ लव भरलेली) स्लीपिंग बॅग विकत घेतली. ममी आकाराची, डोक्याला टोपडं असलेली. लेबल अजून वाचता येतं: भराव ७०० ग्रॅम, फिल पॉवर (डाऊन किती फुगतं त्याचं माप) ६५०. एकूण वजन १४०० ग्रॅमच्या आसपास भरतं. चेन अर्ध्यापर्यंत जाते आणि मागून उघडत येते. आतलं अस्तर मानेपाशी मळून पिवळं पडलंय. भराव मात्र जिवंत आहे. पिशवीतून काढून पसरली की तासाभरात मस्त फुगते.

माझा विचार असा: चेन काढायची, टोपडं कापायचं, पायाकडचा भाग पिशवीसारखा बंद ठेवायचा आणि वरचा भाग पांघरुणासारखा मोकळा करायचा, म्हणजे झाली क्विल्ट. पाठीखाली दबलेलं डाऊन तसंही ऊब धरत नाही, ते काम मॅटचं. मग अंगाखालचा भाग गुंडाळून घेण्यापेक्षा तो अंगावर का घेऊ नये?

वापर डिसेंबर-जानेवारीत हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई या बाजूला, आणि जमेल तसा मे किंवा ऑक्टोबरात उत्तराखंडात. शिवणकाम येतं, घरी पायमशीन आहे. पण डाऊनला आजवर हात लावलेला नाही. कुणी केलंय का हे? क्विल्ट करू, नुसती चेन बदलू, की सगळा भराव काढून जॅकेट शिवू?

कातळकडा
आधी रनर बदलून बघ. मागून उघडणाऱ्या चेनमध्ये बहुतेक वेळा दात शाबूत असतात, रनर झिजून सैल झालेला असतो. पकडीने दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला तरी काही दिवस चालतो. नवा रनर बॅगवाल्याकडे चहाच्या पैशात मिळतो. रनरच्या मागे नंबर असतो, स्लीपिंग बॅगला सहसा पाच नंबर.

बोलकी
बाकी सगळं नंतर. ती बॅग घरात आणण्याआधी ढेकूण बघितलेस का? जुन्या बाजारातून आणलेल्या गोधडीने आमच्या मजल्यावरच्या चार घरांची झोप उडवली होती.

रानवाटा
@कातळकडा, रनर बदलून पाहिला. गुडघ्याच्या वर कॉइलच (चेनच्या दातांची वळी) उसवली आहे, त्यामुळे पूर्ण चेन बदलावी लागेल. @बोलकी, ढेकूण नाहीत, शिवणी भिंगाने पाहिल्या.

सुईदोरा
हे काम मी केलंय. स्वतःच्या बॅगेवर, आणि नंतर मैत्रिणींच्याही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, भराव बाहेर काढू नकोस. जुन्या बॅगेत सगळ्यात मोलाचं असतं ते डाऊन, आणि त्यानंतर ते ज्या कप्प्यांत बसलंय ते कप्पे. कारखान्यात मोजून भरलेले, आत जाळीच्या पट्ट्या उभ्या करून शिवलेले कप्पे आयते मिळतायत, ते कशाला मोडायचे? जॅकेटसाठी सगळं उसवलंस तर कापड नवं, कप्पे नवे, प्रत्येक कप्प्यात वजन करून भरणं आलं. ते वेगळं आणि मोठं काम आहे.

आधी धुऊन पूर्ण वाळव. मळकट डाऊन कमी फुगतं, आणि कुठल्या कप्प्यात भराव कमी आहे ते धुतल्यावरच कळतं.

चेन काढताना: चेन ज्या शिवणीत बसवलेली असते तीच शिवण बऱ्याच बॅगांत कप्प्यांची टोकं बंद करत असते. ती उसवली की डाऊन बाहेर. म्हणून आधी चेनपासून दोन सेंटीमीटर आत, बॅगेच्या लांबीभर एक सरळ टीप मार. टीप मारण्याआधी त्या पट्ट्यातलं डाऊन बोटांनी आत सारायचं. मग निवांत बसून शिवण उसव, चेन काढ, दोन्ही कडा आत दुमडून परत शिवून टाक. पायापासून गुडघ्यापर्यंत दोन्ही कडा एकमेकींना जोडून टाकल्यास की पायाची पिशवी तयार.

टोपडं: जिथून कापायचं तिथलं डाऊन दोन्ही बाजूंना सार, मध्ये तीन बोटांचा रिकामा पट्टा कर. त्या पट्ट्यावर समांतर दोन टिपा, आणि कात्री त्या दोन टिपांच्या मधून. दोन्हीकडचा भराव जागच्या जागी राहतो. बॅगेच्या बाजूला नेफा करून नाडी ओव. थंडीत ती मानेभोवती ओढून घेता आली पाहिजे, क्विल्टची निम्मी ऊब मानेपाशी निसटते.

सुई बारीक आणि तीक्ष्ण घ्यायची, नऊ किंवा अकरा नंबरची. जाड सुईच्या भोकातून पिसं डोकावत राहतात. दोरा पॉलिस्टर. टाचण्या अजिबात नकोत, कागदाच्या क्लिपा किंवा कपड्यांचे चिमटे लाव. आणि एखादं पीस बाहेर डोकावलंच तर ओढून काढायचं नाही, उलट बाजूने चिमटीत धरून आत खेचायचं. बाहेर ओढलं की भोक मोठं होतं आणि त्याच्यामागून दुसरं येतं.

निसर्गवेडी
सुईदोराताई, काय सुंदर समजावलंय! वाचनखूण साठवली. फोटो असतील तर टाका ना.

हिमशिखर
सुईदोराताईंच्या शिवणकामाबद्दल आदर ठेवून, माझं मत वेगळं आहे. ही बॅग कापू नका.

६५० फिल पॉवरचं ७०० ग्रॅम डाऊन म्हणजे चांगल्या कडक थंडीची बॅग. टोपडं आणि चेन हे वजन वाटतं खरं, पण उणे तापमानात उंचावर वारा तंबूत शिरतो तेव्हा कुशीवर वळताना क्विल्टची कड उचलली गेली की आतली सगळी गरम हवा एका क्षणात जाते. बॅगेत ती जात नाही. रात्री तीन वाजता चार हजार मीटरवर थरथरत बसलेले लोक मी पाहिलेत. तिथे शंभर-दीडशे ग्रॅम वाचवल्याचं समाधान उपयोगी पडत नाही.

नवीन चेन बसवून घ्या, आणि सह्याद्रीसाठी वेगळं हलकं पांघरूण घ्या.

सुईदोरा
@हिमशिखर, उंच कॅम्पसाठी, बर्फावर, तुमचं बरोबर आहे. पण रानवाटा मे आणि ऑक्टोबरातले ट्रेक म्हणतोय. कड उचलली जाण्यावर उपाय आहे: मॅटखालून जाणारे दोन इलॅस्टिकचे पट्टे, क्विल्टच्या कडांना हूक किंवा बकल. पट्टे लावले की कुशीवर वळलं तरी पांघरूण जागचं हलत नाही. आणि क्विल्ट पुरेशी रुंद हवी. ममी बॅग उघडली की खांद्यापाशी साधारण दीड मीटर रुंदी मिळते, मध्यम बांध्याच्या माणसाला तेवढी पुरते.

गणिती
थोडं गणित मांडतो, म्हणजे कापायचं की नाही हे अंदाजावर सोडावं लागणार नाही.

फिल पॉवर म्हणजे एक औंस (२८.३५ ग्रॅम) डाऊन किती घन इंच जागा व्यापतं. ६५० म्हणजे आपल्या मापात प्रत्येक ग्रॅमला सुमारे ३७५ घन सेंटीमीटर.

टोपड्यात ७० ग्रॅम धरू. उरले ६३०. बॅग उघडून पसरली तर सरासरी १३० सेंमी रुंद आणि २१० सेंमी लांब, म्हणजे २७,३०० चौरस सेंमी. ६३० गुणिले ३७५ भागिले २७,३०० केलं की जाडी येते साडेआठ सेंमीच्या वर. जुन्या डाऊनला थोडी घट धरली तरी सात.

सह्याद्रीच्या हिवाळ्याला पाच सेंमी पुरून उरतात. १९० × १३० च्या पाच सेंमी जाड क्विल्टला ३३० ग्रॅम डाऊन लागतं. म्हणजे रानवाटाच्या हातात जवळपास दोन क्विल्टचा माल आहे.

हिमालयासाठी हीच जाडी उत्तम आहे. त्यामुळे कप्पे न मोडता आहे तशी उघडावी, सह्याद्रीत गरम झालं तर पाय बाहेर काढावेत.

लेबलवरचा आकडा आज खरा आहे का हे बघायचं असेल तर टोपडं कापताना दहा ग्रॅम डाऊन काढून पारदर्शक बरणीत सोडा. ते साधारण पावणेचार लिटर जागा व्यापायला हवं. प्रयोगशाळेत वरून ठरावीक वजनाची चकती ठेवतात, घरी तेवढी अचूकता येणार नाही, पण डाऊन दमलंय की नाही एवढं नक्की कळेल.

कातळकडा
गणिती, _/\_

शेतमळा
विषय थोडा बाजूला नेतो. आमच्याकडे सावरीच्या कापसाच्या उशा असतात, हलक्या आणि मऊ. एवढी बदकाची पिसं आणण्यापेक्षा सावरीचा कापूस भरून पांघरूण करता येणार नाही का? झाडं बांधावरच आहेत. आजी सांगायची की तो पाण्यात भिजत नाही.

सुईदोरा
शेतमळा, आजी बरोबर सांगायच्या. सावरीचा धागा आतून पोकळ असतो आणि वर मेणासारखा थर असतो, म्हणून पाणी धरत नाही. पूर्वी लाइफ जॅकेटमध्ये पांढऱ्या सावरीचा कापूस भरायचे. अडचण दुसरी आहे. त्याचा धागा गुळगुळीत आणि सरळ असतो, त्याला पीळ नाही. दाबून सॅकमध्ये कोंबला की परत फुगत नाही, गोळे होतात. डाऊनचा एकेक तुरा रुईच्या म्हातारीसारखा चहूबाजूंनी पसरलेला असतो, मधे कडक दांडी नसते. म्हणून तो मुठीत दाबून सोडला की पुन्हा उघडतो. उशी सॅकमध्ये दाबून न्यायची नसते, तिथे सावर छान. घरच्या पांघरुणालाही चालेल, फक्त टाके जवळजवळ घाला.

निसर्गवेडी
इथे मला एक विचारायचं आहे, आणि ते टोचणीपोटी विचारते आहे. ही पिसं येतात कुठून? जिवंत पक्ष्याची पिसं उपटतात असं ऐकलं तेव्हापासून मी डाऊन घेतलेलं नाही.

परदेशस्थ
ऐकलंत ते खरं आहे, तसं होत आलंय. बहुतेक डाऊन मांसासाठी पाळलेल्या बदकांचं आणि हंसांचं असतं, पण जिवंतपणी उपटण्याचे प्रकारही झालेत. त्यावर टीका झाल्यावर २०१४ मध्ये रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड नावाचं प्रमाणपत्र आलं. त्यात जिवंत पक्ष्याची पिसं उपटायला आणि जबरदस्तीने खाऊ घालायला बंदी आहे. नवीन घेणार असाल तर ते बघून घ्या.

आइसलँडमधली पद्धत वेगळी आहे. तिथे आयडर नावाचं समुद्री बदक स्वतःच्या छातीची लव घरट्यात अंथरतं आणि शेतकरी ती घरट्यातून गोळा करतात, पक्ष्याला मारत नाहीत. अर्थात ते प्रचंड महाग असतं.

निसर्गवेडी
धन्यवाद. माझ्यासाठी मग जुनं वापरणं हाच रस्ता. जे डाऊन आधीच आहे ते कचऱ्यात जाऊ नये, आणि माझ्यासाठी नव्याने कुणी पक्षी वाढवू नये. या धाग्यामुळे धीर आला.

हिमशिखर
आयडरचा विषय निघालाच आहे तर एक हकिकत सांगायलाच हवी, कारण तिचं एक टोक पुण्यात आहे.

१९२२ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. बाकीचे लोक लोकर आणि ट्वीड घालून चढत होते. फिंचने स्वतः आराखडा करून एक कोट शिवून घेतला: बाहेरून आकाशात उडणाऱ्या मोठ्या फुग्यांसाठी वापरतात ते घट्ट विणीचं कापड, आत आयडर डाऊन. इतरांना तो विचित्र वाटला. त्याच मोहिमेत २७ मे रोजी फिंच आणि जेफ्री ब्रूस ऑक्सिजन लावून सुमारे ८,३२० मीटरपर्यंत पोहोचले. तोवर माणूस एवढ्या उंचीवर चढलेला नव्हता. आज हिमालयात जो तो डाऊन जॅकेट घालतो, त्याची सुरुवात या कोटापाशी आहे.

हाच फिंच पुढे १९५२ ते १९५७ पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा संचालक होता. पाषाण रस्त्यावरून जाताना मला दर वेळी त्याची आठवण येते. पुण्यातल्या प्रत्येक ट्रेकरला हे माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

गणिती
काय सांगता! एवढी वर्षं त्या गेटासमोरून जातोय.

रानवाटा
हिमशिखर सर, ही माहिती सोन्यासारखी. म्हणजे घट्ट विणीचं कापड आणि आत डाऊन, हे सूत्र शंभर वर्षांपूर्वीच ठरलं होतं.

आता कापडाचं विचारतो. मानेपाशी अस्तर विरलंय, तिथे ठिगळ लावावं लागेल. इथे दुकानात ‘पॅराशूट’ म्हणून जे मिळतं ते चालेल का? आणि छत्रीचं कापड?

सुईदोरा
पॅराशूट या नावाखाली दहा प्रकारची कापडं विकतात. दुकानातच परीक्षा घे: कापड ओठांवर घट्ट धरून जोरात फुंक. हवा सहज आरपार गेली तर डाऊनही बाहेर येणार. हवा जेमतेम जात असेल तर चालेल.

छत्रीचं कापड नको. त्याला लेप असतो, त्यातून हवा जातच नाही. अंगाची वाफ आत अडकते, डाऊन दमट होतं, आणि दमट डाऊन बसतं. त्यातून क्विल्ट परत पिशवीत भरताना आतली हवा बाहेर पडायला जागा नसते, जोर लावला की शिवण फाटते. मुंबईकरांनी मंगलदास मार्केटमध्ये बारीक विणीचं नायलॉन शोधावं. पुण्यात रविवार पेठेत फिरलं की सापडतं. कुठेच नाही मिळालं तर कापलेल्या टोपड्याचं अस्तर ठिगळाला वापर, ते तर त्याच जातीचं कापड.

परदेशस्थ
धुण्याबद्दल कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहितो. इकडे वापरलेलं सामान घेणं अगदी रोजचं आहे, त्यामुळे हे बऱ्याचदा करतो.

पुढून दार असलेलं मोठं मशीन असेल तर त्यात, नाजूक कपड्यांच्या चक्रावर, डाऊनसाठीचा खास साबण घालून. वरून उघडणाऱ्या आणि मधे दांडा असलेल्या मशीनमध्ये मुळीच नाही, आतल्या जाळ्या फाटतात. मशीन नसेल तर मोठ्या टबात कोमट पाणी, बॅग पायाने हलकी तुडवायची, फेस जाईपर्यंत पाणी बदलत राहायचं. नेहमीची कपड्यांची पावडर आणि सॉफ्टनर वापरू नका.

ओली बॅग एका टोकाला धरून उचलायची नाही. भिजलेल्या भरावाच्या वजनानेच आतल्या पट्ट्या तुटतात. दोन्ही हात खाली घालून आख्खी उचलायची. पिळायची नाही, दाबून पाणी काढायचं.

वाळवताना ड्रायर कमी उष्णतेवर, सोबत दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉल. ते आपटत राहतात आणि गोळे फोडतात. तासन् तास लागतात, घाई करू नका.

बोलकी
ड्रायर सगळ्यांकडे कुठला! आमच्याकडे एप्रिलमध्ये गच्चीत जुन्या साडीवर आडवी पसरतो, वर दुसरी साडी, म्हणजे थेट ऊन लागत नाही. नायलॉन उन्हाने कुजतं. दर दोन तासांनी उलटायची आणि बोटांनी गाठी सोडवायच्या. चार-पाच दिवस लागतात. वाळली असं वाटल्यावरही एक दिवस जास्त ठेवायची. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत हा उद्योग करू नका, वास बसतो तो जात नाही.

कातळकडा
आणि एरवी ठेवताना कॉम्प्रेशन सॅकमध्ये कोंबून माळ्यावर टाकायची नाही. सुती पिशवीत सैल, किंवा कपाटात टांगून. जुन्या बॅगा मरतात त्यातल्या अर्ध्या अशा ठेवण्याने.

सह्याद्रीत दवाचाही विचार करा. उघड्यावर झोपलात तर पहाटे वरचं कापड निथळतं. तंबू नसेल तर गुहा किंवा झाडाखाली, नाहीतर वरून हलकी शीट हवीच. दुपारी जेवणाच्या थांब्याला अर्धा तास क्विल्ट खडकावर पसरा, रात्रीचा दमटपणा निघून जातो.

हिमशिखर
रानवाटा, गणितींचा हिशोब वाचल्यावर माझं मत थोडं बदललं आहे, म्हणून मूळ प्रश्नाकडे येतो. उघडल्यावर सात सेंमी जाडी उरत असेल आणि पट्टे लावणार असाल, तर मे-ऑक्टोबरसाठी क्विल्ट चालेल. दोन अटी. मॅट चांगली हवी, कारण आता पाठीखाली फक्त तीच आहे. पातळ योगा मॅटवर हे करू नका. आणि टोपडं फेकू नका. बॅगेत डोकं आपोआप झाकलं जायचं, क्विल्टमध्ये ते उघडं पडतं. त्या टोपड्याचीच वेगळी कानटोपी करा.

सुईदोरा
अगदी हेच लिहायला आले होते. टोपड्याची कापलेली कड दुमडून नेफा कर, हनुवटीखाली नाडी, झाली डाऊनची कानटोपी. वजन नगण्य. कुशीवर वळलं तरी ती डोक्याबरोबर वळते, बॅगेचं टोपडं वळत नाही आणि नाक कापडात जातं. माझ्या मते ही जोडी मूळ बॅगेपेक्षा बरी.

चिमणचारा
उशिरा आलो धाग्यावर. माझ्याकडे अशीच बॅग आहे पण भरावात पिसांच्या काड्या टोचतात, फुगतही नाही फारशी. जुनी लष्करी आहे. तिचं काय करू?

सुईदोरा
त्यात डाऊन कमी आणि दांडीवाली पिसं जास्त आहेत. क्विल्टच्या कष्टाला पुरणार नाही. पण पायमोजे छान होतील: कप्प्यांचे तुकडे वरच्याच पद्धतीने दोन टिपा मारून काप, तळाला जुन्या फोम मॅटचा तुकडा शिव. तंबूत पाय गरम राहतात. काड्या टोचू नयेत म्हणून आत जाड सुती अस्तर लाव.

कप्पा उघडावाच लागला तर बाथरूममध्ये दार लावून, पंखा बंद करून, नाकाला मास्क लावून. भिंती आणि फरशी ओल्या करून घ्यायच्या, उडालेलं डाऊन चिकटून राहतं आणि गोळा करता येतं.

बोलकी
आणि घरात मांजर असेल तर ते दाराच्या बाहेर. आमच्या बोक्याला तो दिवस आयुष्यातला सर्वोत्तम वाटला होता.

रानवाटा
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं: कप्पे न मोडता क्विल्ट, टोपड्याची कानटोपी, मॅटला पट्टे. चेनचा खालचा भाग शाबूत आहे, म्हणून गुडघ्यापर्यंत शिवून टाकण्याऐवजी तेवढीच चेन ठेवावी म्हणतो. गरम झालं तर पायाकडून उघडता येईल, सह्याद्रीत सपाट पांघरता येईल. सुईदोराताई, चेन मधे कापली तर वरच्या टोकाला रनर निसटणार नाही यासाठी काय करायचं?

सुईदोरा
चांगला विचार आहे. जिथे संपवायची तिथून दोन सेंटीमीटर वर काप. कॉइलवरून जाड दोऱ्याचे सात-आठ टाके एकाच जागी घट्ट घाल, रनर तिथे अडतो. उरलेली दोन टोकं बाहेरच्या बाजूला दुमडून नायलॉनच्या पट्टीखाली शिवून टाक, म्हणजे अंगाला टोचणार नाहीत. नायलॉनचं कापलेलं टोक शिवण्याआधी मेणबत्तीवर जरासं धरून बंद करून घे, पण हे क्विल्टपासून लांब, दुसऱ्या खोलीत. आणि धुणं आधी, हे विसरू नकोस. सध्या हवा कोरडी आहे, या आठवड्यातच उरकून घे.